हवामान आणि 'कालनिलै' : चेन्नईच्या संदर्भात शालेय शिक्षकांच्या हवामान बदलविषयक आकलनाचा भाषिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

नोव्हेंबर २०१५ मध्ये चेन्नई शहरात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. त्यापाठोपाठ १ डिसेंबरला सुरू झालेल्या अतिवृष्टीत शहरालगतच्या तांबरम येथे चोवीस तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला आणि अड्यार नदीकाठचा मोठा प्रदेश पाण्याखाली गेला. शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या. त्या पुन्हा उघडल्यानंतर वर्गावर्गांतून कोणता प्रश्न विचारला जाणार होता, हे वेगळे सांगावयास नको. हे कशामुळे झाले, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यासमोर तीन उत्तरे तयार होती : ईशान्य मोसमी पावसाचा हा स्वभावच आहे, हे एक उत्तर, जागतिक हवामान बदलाचा हा परिणाम आहे, हे दुसरे, आणि शहराने आपली तळी, ओढे व दलदली बुजविल्याचे हे फळ आहे, हे तिसरे. यांपैकी प्रत्येक उत्तरात तथ्य आहे. परंतु त्यांतील प्रत्येकाचा वाटा किती, कोणते विधान निश्चितपणे करता येते आणि कोणते केवळ संभाव्यतेच्या भाषेत करावे लागते, हे ओळखणे म्हणजेच हवामान बदलाच्या विज्ञानाचे आकलन होय.

शालेय शिक्षकांना हे आकलन कितपत असते, या प्रश्नाचा अभ्यास जगभर प्रामुख्याने शिक्षणशास्त्राच्या क्षेत्रात झाला आहे. लिव्हरपूल विद्यापीठातील एडवर्ड बॉइज व मार्टिन स्टॅनिसस्ट्रीट यांनी १९९० च्या दशकात विद्यार्थ्यांच्या हरितगृह परिणामविषयक समजुतींचा मागोवा घेतला. ओझोनच्या थराला पडलेले छिद्र आणि पृथ्वीची तापमानवाढ यांची गल्लत ही त्यांना सर्वत्र आढळलेली ठळक चूक होती. पुढे शिक्षक-प्रशिक्षणार्थींच्या अभ्यासांतही हीच गल्लत दिसून आली. अमेरिकेतील सुमारे दीड हजार विज्ञान-शिक्षकांच्या पाहणीचे निष्कर्ष 'सायन्स' या नियतकालिकात २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सध्याची तापमानवाढ मुख्यतः मानवनिर्मित आहे, याविषयी शास्त्रज्ञांत किती एकमत आहे, असे तीत विचारले होते. ८१ ते १०० टक्के हा योग्य पर्याय मधल्या इयत्तांच्या ३० टक्के आणि वरच्या इयत्तांच्या ४५ टक्के शिक्षकांनीच निवडला.

या अभ्यासांचे महत्त्व निर्विवाद असले तरी त्यांची एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. प्रश्नावली ही भाषा पारदर्शक असल्याचे गृहीत धरते. एखादी संकल्पना इंग्रजीतून तमिळमध्ये किंवा मराठीत नेली म्हणजे तीच संकल्पना तेथे पोहोचली, असे त्यात मानले जाते. वास्तविक शिक्षक ज्या संज्ञेने शिकवितो, त्या संज्ञेला तिच्या भाषेत एक पूर्वायुष्य असते आणि हे पूर्वायुष्य वर्गात निमूटपणे आपले काम करीत राहते. शिक्षकांच्या ज्या चुकांना सरसकट अज्ञान म्हटले जाते, त्यांतील पुष्कळशा चुका संज्ञेच्या घडणीतून, रूपकाच्या स्थलांतरातून आणि कथनाच्या रूढ साच्यातून निर्माण होतात, हे चेन्नईच्या संदर्भात तमिळ व मराठी यांची तुलना करून दाखविणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२. संज्ञांची घडण

हवामान बदलाच्या विज्ञानाचा पहिला धडा एका भेदापासून सुरू होतो. एखाद्या ठिकाणची एखाद्या वेळची वातावरणाची स्थिती वेगळी आणि तेथील अशा स्थितींची दीर्घकालीन सरासरी व त्यांच्या चढउतारांची व्याप्ती वेगळी. जागतिक हवामान संघटनेच्या प्रथेनुसार ही सरासरी सामान्यतः तीस वर्षांची धरली जाते. पहिली गोष्ट प्रत्यक्ष अनुभवता येते, तर दुसरी नोंदींवरून काढावी लागते.

या दुसऱ्या गोष्टीला निरनिराळ्या भाषांनी दिलेली नावे तपासण्यासारखी आहेत. युरोपीय भाषांतील संज्ञा 'उतार' या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आली असून तीत सूर्यकिरणांच्या तिरपेपणाची, म्हणजे अक्षांशांची कल्पना आहे. फारसीने पाणी व हवा यांचा समास केला. तोच गुजरातीत 'आबोहवा' म्हणून रुजला आणि हिंदीतील 'जलवायु' हा त्याचाच संस्कृत अवतार दिसतो. तमिळने वेगळी वाट धरली. 'वान' म्हणजे आकाश आणि 'निलै' म्हणजे स्थिती. म्हणून क्षणिक स्थितीला 'वानिलै', आकाशाची स्थिती. दीर्घकालीन स्थितीला मात्र 'कालनिलै', काळाची किंवा ऋतूची स्थिती. दोन्ही शब्दांचे उत्तरपद एकच आणि पूर्वपद भिन्न. एकात डोळ्यांना दिसणारे आकाश आहे, दुसऱ्यात मोजावा लागणारा काळ आहे. विज्ञानाला अभिप्रेत असलेला भेद तमिळ शिक्षकाच्या हाती शब्दाच्या पोटातच तयार ठेवलेला आहे.

मराठीची स्थिती याहून अवघड आहे. 'हवामान' हा अरबी-फारसी 'हवा' आणि संस्कृत 'मान' यांचा संकर. हवेचे मान, म्हणजे प्रमाण, हा त्याचा शब्दार्थ. व्यवहारात तो दोन्ही अर्थांनी वापरला जातो. शालेय भूगोलाने क्षणिक स्थितीला 'हवा' व दीर्घकालीन स्थितीला 'हवामान' असा भेद केला. पण 'हवा' हा शब्द श्वासोच्छ्वासाच्या हवेलाही तितकाच लागू असल्याने विद्यार्थ्याच्या मनात एका शब्दाचे तीन अर्थ दाटी करतात. 'मराठी विश्वकोशा'ने 'जलवायुविज्ञान' अशी स्वतंत्र नोंद करून भेद राखला. तथापि ती संज्ञा कोशाबाहेर फारशी आली नाही. रोजचा पावसाचा अंदाज देणारे खाते 'हवामान खाते' आणि शतकभराच्या तापमानवाढीचा विषयही 'हवामान बदल', असा प्रकार झाला. 'हवामान बदलले म्हणून सर्दी झाली' हे मराठीतील अगदी स्वाभाविक वाक्य आहे. 'हवापालट' तर प्रकृती सुधारण्यासाठी आवर्जून केला जातो. अशा भाषेत 'हवामान बदल' ही संज्ञा ऐकणाऱ्याला प्रथम ओळखीची वाटते आणि ही ओळखच आकलनाच्या आड येते.

अर्थात तमिळ शब्दांची व्यवस्था सर्वत्र सारखी टिकली आहे, असेही नाही. श्रीलंकेतील तमिळ वृत्तपत्रांत रोजच्या अंदाजालाही 'कालनिलै' म्हणण्याचा प्रघात आढळतो. तमिळनाडूतही 'तट्पवेप्पनिलै', म्हणजे थंडी-उष्णतेची स्थिती, ही तिसरी संज्ञा दीर्घकालीन अर्थाने वापरात आहे. म्हणजे अनुकूल शब्द लाभला तरी भेद आपोआप प्रस्थापित होत नाही. तो शिक्षकाला उलगडून दाखवावा लागतो. मात्र उलगडण्यासाठी तमिळ शिक्षकाकडे शब्दाचाच आधार आहे, तर मराठी शिक्षकाला शब्दाच्या विरुद्ध जाऊन शिकवावे लागते.

तमिळ शिक्षकाला आणखी एक आधार साहित्यपरंपरेतून मिळू शकतो. 'तोल्काप्पियम्'च्या पोरुळधिकारात 'मुदर्पोरुळ्', म्हणजे काव्याचे आद्य द्रव्य, म्हणून भूमी व काळ या दोन गोष्टी सांगितल्या आहेत. प्रत्येक तिणैला तिची भूमी आहे आणि तिचा समय आहे. मुल्लैला अरण्यभूमी व पावसाळ्याची सायंकाळ, नेय्दलला समुद्रकिनारा. कवीने अमुक दिवशी अमुक ठिकाणी पाऊस पाहिला, असा याचा अर्थ नाही. त्या भूमीवर त्या ऋतूत काय अपेक्षित आहे, याचा तो संकेत आहे. काव्यसंकेत आणि हवामान यांत हे साम्य लक्षणीय आहे : दोन्ही घडलेल्या घटनेचे वृत्त देत नाहीत, अपेक्षेचे रूप सांगतात. मराठी शेतकऱ्याची नक्षत्रांची भाषाही अशीच आहे. मृगाचा पाऊस, हस्ताचा पाऊस ही नावे एखाद्या वर्षीच्या पावसाची नसून वर्षानुवर्षांच्या अपेक्षेची आहेत. ऐप्पसि व कार्त्तिगै महिन्यांतील संततधारेला तमिळमध्ये 'अडैमळै' म्हणतात, तेव्हाही तेच घडते. हवामान बदल म्हणजे ही अपेक्षाच बदलणे. एक मृग कोरडा जाणे ही हवा झाली. मृगाकडून पाऊस अपेक्षिणेच चुकीचे ठरू लागणे, हा हवामान बदल होईल. ही मांडणी दोन्ही भाषांतील शिक्षकाला आपल्या परंपरेतून करता येते.

अशी अपेक्षा मोजण्यासाठी लागणारी दीर्घ नोंद चेन्नईजवळ आहे, ही बाबही येथे नमूद करावयास हवी. ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ मध्ये नुंगंबाक्कम येथे वेधशाळा उभारली. आजचे प्रादेशिक हवामान केंद्र त्याच परिसरात आहे आणि मूळ वेधशाळेचा ग्रॅनाइटचा स्तंभ, लॅटिन व देशी भाषांतील मजकुरासह, तेथे जतन केलेला आहे. शहरातील पावसाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मागे जातात. 'कालनिलै' या शब्दातील 'काल' कशाने भरलेला असतो, हे दाखविण्यास चेन्नईच्या शिक्षकाला याहून समर्पक उदाहरण मिळणार नाही.

३. काचघराचे रूपक

दुसरी अडचण रूपकाची आहे. सूर्यापासून येणारे लघुलहरी प्रारण वातावरणातून बऱ्याच अंशी आरपार येते व भूपृष्ठ तापते. तापलेले भूपृष्ठ अवरक्त प्रारण बाहेर टाकते. हे प्रारण बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड हे वायू शोषतात व सर्व दिशांना पुन्हा उत्सर्जित करतात. त्याचा काही भाग भूपृष्ठाकडे परततो. हा परिणाम नसता, तर पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान आजच्या सुमारे १५ अंश सेल्सिअसऐवजी उणे १८ अंशांच्या आसपास असते. म्हणजे परिणाम स्वतः नैसर्गिक व जीवसृष्टीला आवश्यक आहे. चिंतेचे कारण आहे ती त्याची वाढ. औद्योगिक युगापूर्वी दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड १९५८ मध्ये मौना लोआ येथील मोजणी सुरू झाली तेव्हा सुमारे ३१५ होता व आता ४२० च्या वर गेला आहे.

या प्रक्रियेला काचघराचे नाव मिळाले ते थंड प्रदेशांत. फूरिये (१८२४), टिंडल (१८५९) आणि अर्‍हेनियस (१८९६) ज्या देशांत काम करीत होते, तेथे हिवाळ्यात रोपे जगविण्यासाठी काचेची घरे बांधीत. ते नाव भारतीय भाषांत आले तेव्हा इंग्रजी समासातील 'हिरवा' हा शब्द तेवढा भाषांतरित झाला आणि काच गळून पडली. मराठीत 'हरितगृह', तमिळमध्ये 'पसुमै इल्लम्'. दोन्ही भाषांत हिरवेपणा हा जीवन, थंडावा व शुभ यांचा सूचक आहे. तमिळ 'पसुमै'मध्ये तर ताजेपणाचीही छटा आहे. 'हरितगृह वायू' हे शब्द ऐकून हे झाडांनी सोडलेले किंवा झाडांना हितकर वायू असावेत, असे एखाद्याला वाटले, तर दोष त्याच्या बुद्धीकडे जात नाही. शिवाय उष्ण प्रदेशातील रोपवाटिकांत जे हिरव्या जाळीचे छप्पर दिसते, ते ऊन अडवून सावली देण्यासाठी असते. चेन्नईच्या विद्यार्थ्याने प्रत्यक्ष पाहिलेले 'हिरवे घर' तापवीत नाही, निववते. रूपक आपल्या नव्या भूमीत उलट अर्थाने उभे राहिले आहे.

मुळातच हे रूपक सदोष आहे, हीही गोष्ट शिक्षकाला ज्ञात असणे इष्ट. काचघर उबदार राहते ते मुख्यतः आतली तापलेली हवा वर निघून जाऊ शकत नाही म्हणून. आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०९ मध्ये प्रयोगाने याकडे लक्ष वेधले होते. वातावरणातील प्रक्रिया अवरक्त प्रारणाच्या शोषणाची आहे. त्यापेक्षा दख्खनच्या शेतकऱ्याला ठाऊक असलेला अनुभव विज्ञानाच्या अधिक जवळचा आहे : हिवाळ्यात आभाळ निरभ्र असले की रात्री कडाका पडतो आणि ढग आले की थंडी कमी होते. चेन्नईतही मार्गळी महिन्यातील स्वच्छ पहाटे दव पडते, ते याच कारणाने. ढग व बाष्प रात्री जमिनीची उष्णता सहजासहजी निसटू देत नाहीत. येथे काच नाही, हिरवेपणा नाही. आहे ती केवळ उष्णतेच्या परतीच्या वाटेवरील अटकाव. उसन्या रूपकापेक्षा घरचा अनुभव अधिक शास्त्रशुद्ध ठरावा, असे हे उदाहरण आहे.

४. ओझोनचे छिद्र आणि नीतिकथेचा साचा

ओझोन व तापमानवाढ यांच्या गल्लतीमागे रूपकाइतकाच कथनाचाही भाग आहे. ओझोनच्या ऱ्हासाची हकीकत थोडक्यात अशी : मोलिना व रोलँड यांनी १९७४ मध्ये क्लोरोफ्लुरोकार्बन संयुगांचा धोका दाखविला, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ऱ्हासाचे निरीक्षण फारमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. अतिनील किरणांपासून मिळणारे संरक्षण कमी होणे, हा येथील प्रश्न आहे. तापमानवाढीशी त्याचा संबंध मर्यादित आहे. क्लोरोफ्लुरोकार्बन हे स्वतः प्रभावी हरितगृह वायूही आहेत, एवढा दुवा मात्र खरा. याउलट 'छिद्र', तमिळमधील 'ओट्टै', या शब्दाने एक सोपे चित्र उभे राहते : छपराला भोक पडले, त्यातून ऊन आत आले, म्हणून घर तापले. चित्र पूर्ण आहे, कारण आणि परिणाम त्यात शेजारी-शेजारी आहेत. फक्त ते चुकीचे आहे. अवरक्त प्रारणाच्या शोषणाची अदृश्य प्रक्रिया अशा चित्राशी स्पर्धा करू शकत नाही.

बॉइज व स्टॅनिसस्ट्रीट यांच्या अभ्यासांतील आणखी एक निष्कर्ष या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शिसेविरहित पेट्रोल वापरल्याने हरितगृह परिणाम कमी होतो, असे पुष्कळ विद्यार्थी मानत होते. पर्यावरणास हितकर अशी कोणतीही कृती पर्यावरणाच्या कोणत्याही समस्येवर उपाय ठरते, असे त्यामागील गृहीतक दिसते. साहित्याच्या अभ्यासकाला हा साचा ओळखीचा आहे. तो नीतिकथेचा साचा होय. मनुष्याने निसर्गाचा अपराध केला, निसर्ग कोपला, मनुष्याला शिक्षा झाली, प्रायश्चित्त म्हणून त्याने झाडे लावावीत. या साच्यात प्लॅस्टिक, धूर, ओझोन, वृक्षतोड आणि कार्बन डायऑक्साइड ही एकाच पापाची भिन्न नावे होऊन बसतात. भारतीय भाषांतील शालेय पाठांत, निबंधांत व घोषवाक्यांत हा साचा विशेष सुस्थिर आहे, कारण बोधकथेची परंपरा तेथे आधीच दृढ आहे. शिक्षकाला त्यातून नैतिक अधिकार मिळतो. विज्ञान मात्र बाहेर राहते. विज्ञानाला 'किती' आणि 'कोणत्या मार्गाने' हे प्रश्न महत्त्वाचे वाटतात, नीतिकथेला 'कोणी' आणि 'का'.

५. २०१५ ची कसोटी

आरंभी उल्लेखिलेल्या पुराकडे आता वळता येईल. या अतिवृष्टीचे हवामान बदलाशी काय नाते आहे, हे तपासणारा एक अभ्यास नेदरलँड्सचे गेर्ट यान फान ओल्डनबोर्ख व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये 'अमेरिकन मीटिऑरॉलॉजिकल सोसायटी'च्या बुलेटिनमध्ये प्रसिद्ध केला. त्यात दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील कृष्ण अच्युतराव यांचाही सहभाग होता. मानवनिर्मित हवामान बदलामुळे या अतिवृष्टीची शक्यता वाढल्याचे या अभ्यासात आढळले नाही. बंगालच्या उपसागराच्या पृष्ठभागाचे तापमान आधीच्या दशकांत लक्षणीय वाढले नव्हते. हवेतील सूक्ष्मकणांच्या प्रदूषणाने हरितगृह वायूंचा परिणाम काही अंशी झाकला असावा, अशी शक्यता अभ्यासकांनी मांडली. त्याच वर्षी प्रशांत महासागरात प्रबळ एल निनो होता व अशा वर्षी ईशान्य मोसमी पाऊस जोरदार होण्याकडे कल असतो.

शिक्षकाच्या आकलनाची खरी कसोटी येथे लागते. या एका निष्कर्षावरून 'हवामान बदल खोटा' असे म्हणणे जितके चूक, तितकेच निष्कर्ष डावलून 'पूर हवामान बदलाचाच' असे म्हणणे चूक. मानवी प्रभावामुळे वातावरण, महासागर व भूमी तापली आहे, हे आंतरशासकीय हवामान बदल मंडळाच्या २०२१ च्या अहवालाने निःसंदिग्धपणे सांगितले आहे. तापलेली हवा प्रत्येक अंशामागे सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धारण करू शकते, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. त्यामुळे तापलेल्या जगात अतिवृष्टी सर्वसाधारणपणे वाढावी, ही अपेक्षा रास्त ठरते. तरीही विशिष्ट ठिकाणच्या विशिष्ट घटनेचा हिशेब स्वतंत्रपणेच करावा लागतो.

हा हिशेब मांडण्यात भाषेचे व्याकरण आडवे येते. मराठीत कारण सांगण्यासाठी 'मुळे' हा प्रत्ययवजा शब्द हाताशी असतो. तमिळमध्ये तेच काम '-आल्' हा प्रत्यय करतो. 'हवामान बदलामुळे पूर आला' किंवा तमिळमधील 'कालनिलै माट्रत्ताल्' असे म्हणताच एक निश्चित कारण आणि एक निश्चित कार्य जोडले जाते. 'अशा पुराची शक्यता अमुक पटींनी वाढली' किंवा 'वाढल्याचे आढळले नाही' हे वाक्य दोन्ही भाषांत शक्य आहे. पण ते लांब आहे, परीक्षेतील एका ओळीच्या उत्तरात मावत नाही, आणि विद्यार्थ्याला ते टाळाटाळ वाटण्याचा संभव असतो. ही वाक्यरचना निःसंकोचपणे वापरू शकणारा शिक्षक विज्ञान जाणतो, असे म्हणावयास हरकत नाही.

या सूक्ष्मतेला व्यावहारिक मोल आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१८ मध्ये विधानसभेत मांडल्या गेलेल्या अहवालाने २०१५ चा पूर मानवनिर्मित आपत्ती असल्याचे म्हटले आणि चेंबरंबाक्कम जलाशयातून पाणी सोडण्याच्या निर्णयांवर व अतिक्रमणांवर बोट ठेवले. पल्लिक्करणै येथील दलदलीचा मोठा भाग कचराभूमी व बांधकामांखाली गेला होता. उरलेल्या भागास २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. वर्गात सर्व भार जागतिक हवामानावर टाकला, तर शहरानजीकच्या या कारणांची चर्चाच होत नाही. ज्या मुलांची घरे बुडाली, त्यांना आपल्या दुर्दैवाचे कारण दूरच्या व अमूर्त शक्तीत शोधावयास शिकविले जाते, आणि ज्याविषयी नागरिक म्हणून प्रश्न विचारता येतील ते नजरेआड होते. विज्ञानाचे अचूक आकलन हा अशा वेळी न्यायाचाही प्रश्न बनतो.

मराठी वाचकासाठी या घटनेत आणखी एक धडा आहे. जो एल निनो २०१५ मध्ये चेन्नईच्या अतिवृष्टीला पोषक ठरला, त्याच वर्षी मराठवाड्यात तीव्र दुष्काळ होता आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचवावे लागले. मराठी वर्गात एल निनो म्हणजे अवर्षण. चेन्नईच्या वर्गात त्याचा अर्थ अतिवृष्टीकडे झुकतो. पुढे २०१८ चा ईशान्य मोसमी पाऊस अपुरा ठरला, २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे जलाशय आटले आणि जुलैत जोलारपेट्टैहून पाण्याची रेल्वे शहरात आली. तीन वर्षांच्या अंतराने दोन भाषांच्या प्रदेशांत पाण्याच्या गाड्या धावल्या. शिक्षकाने 'मोसमी पाऊस' हा एकवचनी शब्द किती जपून वापरावा, हे यातून स्पष्ट व्हावे. जून ते सप्टेंबरचा पाऊस हा देशाच्या मोठ्या भागाचा नियम असला, तरी चेन्नईच्या वार्षिक पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो.

६. पाठ्यक्रमातील स्थान

शिक्षकाकडून ही अपेक्षा करताना व्यवस्थेने त्याला काय दिले, हेही पाहणे क्रमप्राप्त आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण अनिवार्य करण्याचा आदेश दिला व २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीची पुन्हा निकड लावली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने हा विषय इतर विषयांत गुंफण्याचा पुरस्कार केला. तत्त्वतः हे योग्य असले तरी प्रत्यक्षात प्रारणाचे शोषण विज्ञानाच्या शिक्षकाकडे, मोसमी पाऊस सामाजिक शास्त्राच्या शिक्षकाकडे आणि 'वसुंधरा वाचवा' हा निबंध भाषाशिक्षकाकडे गेला. संपूर्ण कथा कोणा एकाच्याच हाती राहिली नाही. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पाठ्यपुस्तके हलकी करताना सातवीच्या विज्ञानातील हवा व हवामान यांतील भेद सांगणारे प्रकरण वगळले. चेन्नईत केंद्रीय मंडळाच्या शाळाही बऱ्याच आहेत, हे लक्षात घेता, ज्या भेदावर सारा विषय उभा आहे तोच पायरीवरून निसटला, असे म्हणावे लागते. दुसरीकडे चेन्नईत सी. पी. आर. पर्यावरण शिक्षण केंद्रासारख्या संस्था शिक्षक-प्रशिक्षणाचे काम दीर्घकाळ करीत आल्या आहेत. अशा प्रशिक्षणात माहितीबरोबर संज्ञांच्या चिकित्सेलाही जागा मिळणे आवश्यक आहे.

७. समारोप

वैज्ञानिक ज्ञान परभाषेतून येते तेव्हा त्याला यजमान भूमीचे रूप घ्यावे लागते, ही गोष्ट तमिळ-मराठी संबंधांच्या इतिहासात नवी नाही. मद्रासमध्ये काही काळ शिक्षण घेतलेल्या तंजावरच्या सरफोजी दुसऱ्या राजांनी (राज्यकाल १७९८ ते १८३२) 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक रचले. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यातील भविष्य सांगणारी कुरत्ती आपल्या डोंगराचे, आपल्या मुलुखाचे वर्णन करते. सरफोजींनी त्या वर्णनाच्या संकेतात जगाचा भूगोल भरला. भाषा मराठी, रूप तमिळ आणि आशय नव्या युरोपीय विद्येचा. या रचनेतील शहाणपण असे की, नवे ज्ञान बोधकथेत कोंबण्याऐवजी ते स्थळवर्णनाच्या रूपात बसविले. स्थळवर्णनात पापपुण्याचा निवाडा नसतो. कोठे काय आहे व कशानंतर काय येते, याची नोंद असते.

हवामान बदलाच्या शिक्षणाला आज अशाच रूपाची गरज आहे. नुंगंबाक्कमची दोन शतकांची नोंद, ऐप्पसि-कार्त्तिगैची अपेक्षा, पल्लिक्करणैची दलदल, निरभ्र रात्रीचे दव आणि एकाच एल निनोची दोन प्रदेशांतील दोन रूपे, ही त्या वर्णनाची सामग्री होय. शिक्षकांना हवामान बदलाचे विज्ञान कितपत समजते, या प्रश्नाचे उत्तर शोधताना बरोबर उत्तरांच्या टक्केवारीपलीकडे जाऊन तीन गोष्टी तपासाव्या लागतील : आकाशाची स्थिती व काळाची स्थिती यांतील भेद शिक्षक आपल्या भाषेत कसा राखतो, उसन्या रूपकाची मर्यादा त्याला दाखविता येते का, आणि 'मुळे' म्हणण्याचा मोह आवरून शक्यतेचे वाक्य तो पूर्ण करू शकतो का. या कामात तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला विज्ञान-शिक्षकाचा सहकारी होता येईल. संज्ञा, रूपक आणि कथन हे त्याचे नित्याचे क्षेत्र आहे, आणि पुरानंतर उघडलेल्या वर्गात मुलांना मिळणारे उत्तर पुष्कळ अंशी त्याच क्षेत्रात घडत असते.